वाट, दोरा आणि आरामशीन

नागपुरातल्या लाकूडबाजाराचे लकडगंज हे नाव मराठी माणसाने ठेवलेले नाही, हे त्याच्या तोंडवळ्यावरूनच कळते. मराठीने बारसे केले असते तर लाकूडपेठ झाली असती. तसा लाकडाचा वंश दोन्हीकडे एकच. संस्कृत लकुट म्हणजे सोटा, त्याचे प्राकृतात लक्कुड झाले, मराठीत लाकूड आणि हिंदीत लकडी. गंज मात्र इराणकडचा. मूळ अर्थ खजिना, मग कोठार, मग कोठाराभोवती भरणारा बाजार. संस्कृतातही तो फार पूर्वीच येऊन बसला. राजतरंगिणीत तो खजिन्याच्या अर्थाने भेटतो. विदर्भातल्या स्वयंपाकघरात गंज म्हणजे दूध तापवायचे पातेले, शेतात कडब्याची गंजी, आणि लोखंडावर चढतो तोही गंज. हे सगळे एकाच घरचे आहेत असे मी म्हणणार नाही. पण लकडगंजातल्या एखाद्या जुन्या टालीवर हे सगळे गंज एका नजरेत दिसू शकतात, एवढे खरे.

या वस्तीतल्या पाट्यांवरचा दुसरा शब्द परगावच्या पाहुण्याला हमखास फसवतो. आरामशीन. पाहुणा तो ‘आराम’वर तोडतो. तोडायचा असतो ‘आरा’वर. आरा म्हणजे मोठी करवत. संस्कृतात आरा ही चांभाराची आरी होती, म्हणजे टोचायचे हत्यार. हिंदीत येईपर्यंत ती कापू लागली. पुण्यामुंबईकडे लाकडाची वखार असते, इथे टाल असते आणि तिच्या पोटात आरामशीन. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले सागवान या बाजूने देशभर जाते. दिल्लीच्या नव्या संसद भवनातले सागवानही नागपूरहून गेले.

आता या धंद्यांच्या गाद्यांवर एक नवे वाक्य ऐकू येते : ‘प्रोसेस लावायची आहे.’ शिकून आलेला मुलगा म्हणतो, वडील ऐकून घेतात. आवक, मोजणी, चिराई, विक्री, वसुली, सगळे संगणकात, एका साखळीत. वडिलांना वाटते की ही काहीतरी आपल्याकडे नसलेली चीज आहे. वस्तुस्थिती अशी की मराठीत या एका कल्पनेला इतके शब्द आहेत की त्यांची मोजदाद करायला एक कारकून ठेवावा लागेल. त्यातले जुने, वापरून गुळगुळीत झालेले शब्द उलटून पाहिले की त्यांच्या मागे दोनच चित्रे निघतात. एक वाटेचे, दुसरे दोऱ्याचे.

आधी वाट. पद्धत हा शब्द आपण दिवसाला किती वेळा उच्चारतो! तो आहे पद् अधिक हति : पायांनी बडवलेली, तुडवून तयार झालेली वाट. पद्धत कोणी आखत नाही, ती पडते. ‘पद्धत पडली’ असेच आपण म्हणतो. तिची सख्खी बहीण वहिवाट : वाहती, जाती-येती वाट. मराठीत वहिवाट म्हणजे रूढी, वहिवाट म्हणजे कारभार, आणि वहिवाट म्हणजे ताबाही; देवस्थानाचा कारभार पाहणारा तो वहिवाटदार. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तर वीस वर्षे बिनहरकत वापरलेल्या वाटेला हक्कच देऊन टाकला. कचेऱ्यांतल्या पुष्कळ बिनकामाच्या सह्या याच कलमाखाली सुरक्षित असाव्यात, अशी मला शंका आहे.

आमचा सगळा कारभार पायांवर आहे. धंदा चालतो, मशीन चालते, खाते चालू असते. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे एक मोठे अंग होते चालते दफ्तर, म्हणजे रोजच्या कामाचे; आणि एक होते एकबेरीज दफ्तर, जिथे सगळ्या खात्यांचे हिशेब एका बेरजेत आणले जात. ‘एकबेरीज’ हा शब्द मला इतका आवडतो की आज ज्याला डॅशबोर्ड म्हणतात त्याला तो बहाल करावासा वाटतो. संमती द्यायची तर आपण म्हणतो ‘चालेल’. टाळायचे तर चालढकल. काम झाले तर ते मार्गी लागले. आणि बिघडले तर? वाट लागली. इथे भाषेने मोठी गंमत केली आहे. मार्गी लावणे आणि वाट लावणे यांचा शब्दशः अर्थ एकच : रस्त्याला लावून देणे. एकाने काम होते, दुसऱ्याने काम उठते. नवी यंत्रणा बसवणारा पहिले वचन देतो आणि मुनीम दुसऱ्याची भीती बाळगतो, तेव्हा दोघे एकाच रस्त्याबद्दल बोलत असतात.

आता दोरा. त्याच्या घराण्यातला पहिला शब्द फारसीतून आला. शिरस्ता म्हणजे सर-रिश्ता : सर म्हणजे डोके किंवा टोक, रिश्ता म्हणजे धागा. धाग्याचे टोक ज्याच्या हाती, तो शिरस्तेदार. कचेरीत कोणता कागद कोठून निघाला आणि कोठे जायचा हे ज्याला ठाऊक, त्याच्या हाती खरोखरच टोक असे. इंग्रजांची फाइलही दोऱ्याचीच. लॅटिन फिलुम म्हणजे सूत, त्यात कागद ओवून ठेवायचे. आणि आमच्या सरकारी मराठीतली नस्ती? महाराष्ट्रातली मंडळी तिला फाइलच म्हणतात, पण टिपणीत ‘नस्ती सादर’ असे लिहितात. मध्यप्रदेशातल्या कचेऱ्यांत तर ‘नस्तीबद्ध’ हा रोजचा शब्द आहे. संस्कृतात नस्तित म्हणजे नाकात वेसण घातलेला बैल. मला हे नाते पटते. कागदांच्या नाकात दोरी घालून त्यांना एका दावणीला बांधले की झाली नस्ती. लाल फीत पुढे आली, तीही बांधायलाच.

वाट आणि दोरा यांत फरक काय? वाट खालून पडते, दोरा वरून ओढला जातो. शिरस्ता कोणीतरी घालून देतो. वहिवाट कोणीच घालून देत नाही. प्रत्येक संस्थेत हे दोन्ही एकाच वेळी नांदत असतात आणि ते क्वचितच जुळतात. भिंतीवर चौकटी-बाणांचा तक्ता लावलेला असतो तो शिरस्ता. गठ्ठा प्रत्यक्षात ज्या टेबलांवरून फिरतो ती वहिवाट. यंत्रात भरताना बहुतेक वेळा शिरस्ता भरला जातो, कारण तो लिहिलेला असतो. मग महिन्याभरात सगळे कर्मचारी यंत्राबाहेर एक वही ठेवू लागतात, आणि काम दुप्पट होते.

लाकडाच्या मापाचेच घ्या. गोल लाकडाचे घनफूट काढायची बाजारातली रीत अशी : दोरीने घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानेच गुणायचे आणि मग लांबीने. चार फूट घेराचे दहा फुटी लाकूड, म्हणजे चौथाई एक फूट, एक गुणिले एक गुणिले दहा, दहा घनफूट. भूमितीच्या पुस्तकाने गेलात तर तेच लाकूड पावणेतेरा घनफुटांच्या जवळ भरते. म्हणजे बाजार शंभरातले एकवीस-बावीस घनफूट धरतच नाही. ही चूक नव्हे. गोल ओंडका चौरस करताना कडेचे जे जाते, त्याची ही आधीच ठरलेली वजावट आहे, आणि दर तिच्यावर बेतलेला आहे. नव्या संगणकवाल्याने शाळेतले सूत्र भरले तर त्याचा आकडा बरोबर असेल आणि बाजाराच्या दृष्टीने पूर्ण चूक. सूत्र म्हणजेही दोराच, हे जाता जाता. घेर मोजणाऱ्याच्या हातातला दोर आणि गणितातले सूत्र यांची इतकी थेट गाठ मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

मग प्रक्रिया हा शब्द, जो आज सर्रास वापरला जातो, तो कोणाचा? त्याची जुनी नोकरी कारखान्यात नव्हे, व्याकरणात होती. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे ज्या क्रमाने आहेत, तो क्रम पाठांतराला आणि संक्षेपाला सोयीचा. वरच्या सूत्रातला शब्द खालच्या सूत्रांत उतरत जातो, त्यामुळे शब्दांची प्रचंड बचत होते. पण एखादे रूप सिद्ध करायला बसलात तर लागणारी सूत्रे आठ अध्यायांत विखुरलेली. पंधराव्या शतकाच्या सुमारास रामचंद्राने ‘प्रक्रियाकौमुदी’ लिहिली आणि सूत्रे कामाच्या क्रमाने लावली : आधी संज्ञा, मग संधी, मग नामांची रूपे. भट्टोजी दीक्षितांनी ‘सिद्धान्तकौमुदी’त तोच मार्ग घेऊन पाणिनीची सगळी सूत्रे बसवली, आणि त्यांचे शिष्य वरदराज यांनी विद्यार्थ्यांसाठी तिची लघु आवृत्ती काढली. सूत्र एकही बदलले नाही. बदलला तो क्रम. नियम तेच ठेवून, काम करणाऱ्याच्या बाजूने त्यांची फेरमांडणी करणे, हेच प्रक्रिया या शब्दाच्या पोटात आहे. आज सल्लागार लठ्ठ बिले लावून जे सांगतात ते याहून फार निराळे नसते. पाणिनीच्या पक्षाचे लोक म्हणतील की फेरमांडणीत मूळची काटकसर गेली. तेही खरे आहे. सोयीची किंमत असतेच.

शब्द पाडण्याचाच कारखाना एकदा नागपुरात चालला होता. डॉ. रघुवीर १९४६ मध्ये आपली संस्था लाहोरहून नागपूरला घेऊन आले आणि मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारसाठी राज्यकारभाराची परिभाषा घडवू लागले. त्यांची रीत यंत्रासारखी होती : एक धातू घ्यायचा, उपसर्ग आणि प्रत्यय जोडत जायचे. विधी, विधान, विधायक, विधेयक, अशी रांग. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाचे कर्ते रघुनाथपंत हणमंते आणि हे रघुवीर, दोघांनी एकच काम सुमारे पावणेतीनशे वर्षांच्या अंतराने केले. रघुवीरांचे काही शब्द रुळले, पुष्कळ थट्टेचे धनी झाले. माझे मत असे की जिथे आधीपासून पायवाट होती तिथे त्यांचा रस्ता चालला नाही, आणि जिथे रान होते तिथे चालला. विधेयकाला आधीचा मराठी पर्यायच नव्हता. शिरस्ता, दफ्तर, कारकून यांना मात्र कोणीही हलवू शकले नाही.

स्वयंचलित हाही घडवलेलाच शब्द, पण त्यात ‘चल’ आहे म्हणून असेल, तो रुळला. ऑटोमेशन हा त्याचा इंग्रजी जोडीदार वयाने लहानच आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत फोर्डच्या मोटार कारखान्यात डेल्मर हार्डर यांनी तो प्रचारात आणला. मूळ ग्रीक ऑटोमाटोस मात्र होमरइतका जुना. इलियडमध्ये देवांचा लोहार आपोआप चालणाऱ्या तिवया घडवतो. म्हणजे ग्रीकांच्याही कल्पनेत आपोआप व्हायचे काम चालूनच यायचे होते.

लाकडाच्या धंद्यात हे आपोआप येणे वनखात्याच्या दारातून आले. जंगलातले लाकूड रस्त्याने न्यायचे तर वाहतूक परवाना लागतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या ४१ व्या कलमाने राज्यांना तसे नियम करायचा अधिकार दिला आहे. धंद्यात या परवान्याला कोणी परवाना म्हणत नाही, टीपी, म्हणजे ट्रान्झिट पास, म्हणतात. विदर्भाला मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा तीन राज्यांच्या सीमा, आणि राज्य बदलले की कागद बदलायचा. २९ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने देशभरासाठी एकच ऑनलाइन पास सुरू केला. नाक्यावर त्यावरचा क्यूआर कोड तपासायचा. लिलावही ऑनलाइन झाले. ई-लिलाव या शब्दाची जन्मकुंडली मांडावी अशी आहे : लिलाव अरबीतून पोर्तुगीजांकडे, तिथून कोकणपट्टीवरून मराठीत, आणि डोक्यावर इंग्रजीचे एक अक्षर.

पास मोबाइलवर आला, बिल छापील निघते, पैसे पोचल्याचा संदेश खिशात वाजतो. पावती मूळची पावण्यातली, म्हणजे पोचल्याची खूण, त्यामुळे ती कागदाची नसली तरी तिचे काही अडत नाही. पण तिच्या जोडीचे क्रियापद अजून स्थळप्रत असलेल्या पुस्तकातच राहते. काट्यावर उभा असलेला माणूस ट्रकवाल्याला आजही विचारतो, ‘पावती फाडली का?’ आणि ट्रकवाला फोन पुढे करून म्हणतो, ‘हो, फाडली.’