आज्ञावली आणि भारनियमन

संगणकाच्या ‘प्रोग्राम’साठी मराठीत ‘आज्ञावली’ हा शब्द रुळला. आवली म्हणजे ओळ. नामावलीतील नावे मागेपुढे झाली तरी फारसे बिघडत नाही. आज्ञावलीत मात्र क्रमावरच सारे अवलंबून असते. हे आम्हांस प्रथम उमगले ते बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीच्या आमच्या घरी, एका रिमोटमुळे.

साधारण २००६ सालची गोष्ट. दूरचित्रवाणी संच, ध्वनिवर्धक आणि डीव्हीडी प्लेअर अशा तीन उपकरणांचे तीन रिमोट आईला आवरेनात. म्हणून इतर रिमोटचे संकेत ‘शिकणारा’ चौथा रिमोट आणला आणि त्याच्या एका बटणात ओळीने आज्ञा साठवल्या: संच सुरू, थोडा विराम, ध्वनिवर्धक सुरू, प्लेअर सुरू, मग योग्य जोडणीची निवड. संच जागा होण्यास काही क्षण घेतो. त्याआधी दिलेली आज्ञा वाया जाते. तेव्हा विराम हीसुद्धा एक आज्ञाच होती.

या सोयीमागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीत युजीन पॉली यांनी १९५५ मध्ये प्रकाशझोताने चालणारा रिमोट केला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांच्या रिमोटने, धातूच्या कांड्यांवर आघात करून, श्राव्यातीत ध्वनीने आज्ञा पोहोचवली. पुढे अवरक्त किरण आले. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी १९८७ मध्ये बाजारात आणलेला ‘कोअर’ हा रिमोट इतरांचे संकेत शिके आणि आज्ञांची मालिकाही साठवी. सामान्य ग्राहकास मात्र तो अवघड वाटला.

आमची आज्ञावली बिघडली ती भारनियमनाने. त्या वर्षांत गावोगावी दिवसाचे कित्येक तास वीज नसे. चित्रपट चालू असताना वीज गेली. परत आली तेव्हा संच आपोआप सुरू झाला, बाकीची उपकरणे मात्र निद्रिस्त राहिली. आईने शिकवल्याप्रमाणे बटण दाबले. संच बंद पडला, ध्वनिवर्धक सुरू झाला. काळ्या पडद्याआडून संवाद ऐकू येऊ लागले. तिने पुन्हा दाबले, तर संच उजळला आणि आवाज गेला. मग तिने रिमोट ठेवून दिला, आणि कित्येक दिवस एकटी असताना त्याला हातही लावला नाही.

दोष तिचा नव्हता. चालू आणि बंद यांसाठी एकच संकेत असतो. त्याचा अर्थ उपकरणाच्या त्या क्षणीच्या अवस्थेवर ठरतो. अवरक्त रिमोट केवळ बोलतो, ऐकत नाही. सगळे बंद आहे असे गृहीत धरून तो आपली ओळ म्हणून मोकळा होतो.

आमच्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या भुसावळ–नागपूर लोहमार्गावर मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके आहेत. गाडी सोडण्यापूर्वी पुढच्या स्थानकास विचारावे, ‘लाइन क्लिअर’ मिळाल्यावरच सोडावी, हा रेल्वेचा जुना शिरस्ता. जलंबहून खामगावची शाखा १८७० मध्ये सुरू झाली. आज्ञेआधी प्रश्न असावा, हे शहाणपण त्या काळी रेल्वेला नवे नव्हते. घरातील रिमोटला ते पुष्कळ उशिरा सुचले. लॉजिटेकने २००४ मध्ये घेतलेल्या ‘हार्मनी’ रिमोटवर मदतीचे बटण असे. ते दाबताच ‘संच सुरू झाला का?’ असा प्रश्न तो माणसालाच विचारी. त्याचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले. आज एचडीएमआयच्या तारेतून उपकरणे एकमेकांची अवस्था विचारू शकतात.

आम्ही पुढे संचासाठी ‘सुरू’ आणि ‘बंद’ असे वेगळे संकेत मिळवून ओळीत बसवले. चालू संचास ‘सुरू’ म्हटल्याने काही बिघडत नाही. उरलेल्या दोन उपकरणांसाठी असे संकेत सापडले नाहीत. तिथे उपाय आईनेच शोधला: बटण दाबण्यापूर्वी ती दोन्ही लाल दिवे पाहून घेई. साठवलेल्या ओळीत नसलेला प्रश्न तिने स्वतः घातला होता. त्यानंतर भारनियमन चालूच राहिले, पण आई पुन्हा एकटीने चित्रपट पाहू लागली.