भाकर, प्रार्थना आणि दोन हजार मुली : केडगावच्या ‘मुक्ती’चा एक दिवस

आजचा धागा माझ्या जिल्ह्यातून निघतो आणि पुण्याजवळच्या केडगावला पोहोचतो. मधला रस्ता दुष्काळाचा आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी निर्माण झाला, हे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांमुळे सर्वांना पाठ असते. परंतु ब्रिटिश अमलातील वऱ्हाडात ‘बाशीम’ हा स्वतंत्र जिल्हा होताच. १९०५ मध्ये तो मोडला आणि त्याचा बराचसा भाग अकोल्यात विलीन झाला. म्हणजे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन्ही भीषण दुष्काळ या भागाने ‘बाशीम जिल्हा’ म्हणूनच भोगले. त्या काळी येथवर रेल्वे आलेली नव्हती. धान्य यायचे तर अकोल्याहून, सुमारे ऐंशी किलोमीटर बैलगाडीने. याच वर्षांत वऱ्हाडातील अमेरिकन मिशनऱ्यांच्या आवारांत अनाथ मुलांची वसतिगृहे आणि शाळा उभ्या राहिल्या.

या वऱ्हाडी मिशनऱ्यांपैकी दोघांची नावे लक्षात ठेवा. एक, अकोल्यात काम केलेल्या जेनी फुलर. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये निघाले. दुसरे अल्बर्ट नॉर्टन, पूर्वी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला असलेले. फुलरबाईंच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली पंडिता रमाबाईंनी. नॉर्टन यांनी दुष्काळातील मुलग्यांसाठी दौंडला वसतिगृह काढले, तेही रमाबाईंच्याच विनंतीवरून. वऱ्हाडातील या माणसांचे धागे अशा रीतीने केडगावशी जुळतात. आणि अनाथगृह चालवणे म्हणजे रोज उठून नेमके काय करणे, हे पाहायला केडगावइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

रमाबाईंचे चरित्र आपण शाळेत चार ओळींत शिकतो. जन्म १८५८, संस्कृत पांडित्य, ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या, विधवांसाठी शारदा सदन. या ओळींत भूक राहून जाते. १८७०च्या दशकातील दक्षिणेच्या दुष्काळात तीर्थयात्रा करीत फिरणारे हे डोंगरे कुटुंब अक्षरशः उपाशी राहिले. वडील अनंतशास्त्री गेले, त्यांच्यामागोमाग आई गेली, मग थोरली बहीण. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. ज्या बाईने पुढे हजारो दुष्काळग्रस्त मुली सांभाळल्या, ती स्वतः दुष्काळातून वाचलेली मुलगी होती. मला वाटते, ‘मुक्ती’चा कोणताही हिशेब या गोष्टीपासून सुरू व्हायला हवा.

मात्र तिचे धर्मांतर भुकेतून झालेले नाही. बाप्तिस्मा झाला २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे. तोवर ती ‘स्त्री धर्म नीति’ची लेखिका होती आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन आलेली होती. धर्म स्वीकारल्यानंतरही ती आपल्या इंग्रज गुरूभगिनींशी सिद्धान्तांवरून वाद घालीत राहिली. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हा तिचा प्रश्न प्रसिद्ध आहे. आहारही शाकाहारीच राहिला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. अट अशी की संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही. उच्चवर्णीय विधवांनी आपले आचार, सोवळे-ओवळे पाळावे; कोणी आड येणार नाही. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या आणि हिंदूच राहिल्या. पुढे सदन पुण्याला आले.

मग आला तो दाराचा प्रसंग. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमेसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. दार उघडे ठेवणे म्हणजे आमिष की प्रामाणिकपणा? सल्लागारांची बाजू मला सर्वस्वी चुकीची वाटत नाही. वचन धर्मनिरपेक्षतेचे होते आणि दहा-बारा वर्षांच्या निराधार मुलीवर तिला आसरा देणाऱ्या बाईचा प्रभाव पडणारच. पण दुसरी बाजूही पाहा : त्या काळी घराघरांत विधवांसाठी किती दारे उघडी होती?

इथपर्यंतची कथा उच्चवर्णीय विधवांची आहे. दुष्काळाने ती बदलली.

१८९६-९७ मध्ये रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता. शहरात इतकी माणसे ठेवण्यास परवानगी मिळेना. केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. हेतू साधा होता : फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे. आता त्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. (याच वर्षी प्लेगच्या रुग्णालयांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सरकारवर कठोर टीका केली. मिशनरी म्हणजे सरकारचा माणूस, हे समीकरण येथे लागू पडत नाही.) १९०० मध्ये गुजरात-काठेवाडातील ‘छप्पनिया’ दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या. केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार! हा आकडा आपण वाचतो आणि पुढे जातो. मी कागद घेऊन बसलो. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरले तरी रोजचे दहा क्विंटल, महिन्याचे तीनशे. शिवाय सरपण, पाणी, कपडे, औषध. मराठवाडा-विदर्भातील वाचकांना पाण्याचा अर्थ समजावून सांगायला नको. केडगावचा माळही कोरडवाहू. विहिरी खणाव्या लागल्या. बरे, आलेल्या मुली काम करण्याजोग्या नव्हत्या. दीर्घ उपासमारीनंतर ताटात अन्न आले तरी ते पचत नाही. म्हणून पहिले काम शाळेचे नव्हते, बायबलचेही नव्हते. पेज भरवणे, जखमा धुणे, केस काढणे, मेलेल्यांना पुरणे, हे पहिले काम होते.

आणि पैसा? अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने मदतीचे वचन दहा वर्षांचे दिले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपली. संघटना नव्याने उभी राहिली, पण शारदा सदन सोडून केडगावचा हा प्रचंड पसारा मुख्यतः अनिश्चित देणग्यांवर होता. ‘ईश्वर पुरवील’ ही भाषा आपल्या कानाला भाबडी वाटते. पण श्रद्धेवर चालणाऱ्या घराचे अंदाजपत्रक मांडून पाहा. उद्याची रक्कम माहीत नसताना आज पन्नास मुली आणखी घ्यायच्या की नाही, हा निर्णय ती बाई दर आठवड्याला घेत होती. तिची श्रद्धा प्रवचनात शोधण्यापेक्षा या निर्णयांत शोधावी, असे मला वाटते.

देणगीवर सारे सोडूनही तिने दिले नाही. शेती, दुग्धशाळा, तेलाचा घाणा, माग, शिवण, धुलाई, स्वयंपाक, रुग्णसेवा, छापखाना, सर्व कामे मुलींकडे. दिवसाचा एक भाग शाळा, एक भाग काम, आणि दोहोंच्या आगेमागे प्रार्थना. मोठ्या मुली धाकट्यांच्या शिक्षिका होत. अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध-दुर्बलांसाठी प्रीतिसदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन. दृष्टिहीन मुलींना मनोरमा ब्रेल शिकवीत असे. भल्या मोठ्या चर्चची कोनशिला १८९९ मध्ये बसली. त्यात बाके नव्हती. सर्वजणी जमिनीवर मांडी घालून बसत.

आता कठीण प्रश्न. शारदा सदनात धर्मशिक्षण नव्हते, ‘मुक्ती’ उघडपणे ख्रिस्ती होती. जिला या घराबाहेर भाकरच नाही, अशा मुलीने प्रार्थनेला बसणे ही तिची निवड म्हणायची का? १९०५ च्या प्रसिद्ध धार्मिक ‘पुनरुज्जीवना’त शेकडो मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत होत्या, पाश्चात्त्य नियतकालिकांनी त्याची वर्णने उत्साहाने छापली. त्या वर्णनांत मुलींचा आवाज शोधू लागलो की बहुधा वर्णन करणाऱ्याचाच आवाज ऐकू येतो. त्यामुळे ‘सर्व मनापासून’ आणि ‘सर्व भाकरीसाठी’ ही दोन्ही उत्तरे मला उतावळी वाटतात. उपाशी मुलीला मन नसते, असे कोण म्हणेल? आणि जेवू घालणाऱ्याच्या हाती सत्ता नसते, असे तरी कोण म्हणेल?

मला सर्वाधिक बोलका पुरावा भाषेचा वाटतो. संस्कृत पंडिता म्हणून कीर्ती मिळवलेल्या या बाईने उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतले, आणि तेही कशा मराठीत? उपलब्ध भाषांतर संस्कृतप्रचुर, खेड्यातील बायकांना न कळणारे. म्हणून जाणीवपूर्वक साध्या, बोलीच्या जवळच्या मराठीत. जिचे लौकिक मोठेपण संस्कृतावर उभे होते, तिनेच ते बाजूला ठेवले. १८८९ मध्ये तिच्यासमोर ब्राह्मण विधवा बसल्या होत्या; १९०० नंतर कुणब्यांच्या, मजुरांच्या, कोणत्याच जातीचा पत्ता न सांगू शकणाऱ्या मुली. भाषांतराची मराठी या दुसऱ्या वर्गात घडली.

मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. संस्थेची पुढची सूत्रे जिच्या हाती द्यायची, तीच आधी गेली. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. ते छापले ‘मुक्ती’च्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या, फर्मे दुमडणाऱ्या, पाने शिवणाऱ्या हातही तिथल्याच मुलींचे होते.

या मुलींची नावे मुखपृष्ठावर नाहीत. अकोला, वाशीम, दौंड किंवा केडगाव भागात कोणाच्या पणजीने अशा वसतिगृहात अक्षरे गिरवली असतील आणि घरात तिची एखादी आठवण, छायाचित्र, शाळेचा दाखला शिल्लक असेल, तर या धाग्याखाली जरूर लिहा. वऱ्हाडातील वसतिगृहांवरचा पुढचा धागा त्याच आधारावर लिहायचा विचार आहे.