लाइमच्या मुलांवरून लागलेला गोचिडीचा माग

लाइम हा गोचीड चावल्याने होणारा जिवाणूजन्य रोग आहे. त्याचे नाव अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील एका छोट्या गावावरून पडले. कनेक्टिकट नदी समुद्राला मिळते त्या भागात, तिच्या पूर्वेकडे, लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम ही तीन गावे आहेत. १९७० च्या दशकात तिन्हींची मिळून वस्ती सुमारे १२,००० होती. या वस्तीतील मुलांचे गुडघे सुजत होते आणि ते का सुजतात, हे कोणालाच सांगता येत नव्हते. त्या मुलांची घराघरांतून मोजदाद झाली, म्हणूनच हा रोग वेगळा म्हणून ओळखला गेला.

गोचिडीला पोषक अशी भूमी तिथे आधीच तयार झालेली होती. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात, कनेक्टिकट ज्यात मोडते त्या न्यू इंग्लंड प्रदेशातील बहुतेक जंगल शेतीसाठी तोडले गेले आणि हरणे जवळपास नाहीशी झाली. पुढे शेतकरी पश्चिमेकडच्या सुपीक जमिनींकडे आणि गिरण्यांकडे वळले. पडीक शेतांवर पुन्हा झाडे वाढली, हरणे परतली. दुसऱ्या महायुद्धानंतर याच नव्या रानात घरे उभी राहिली. अंगणातील हिरवळ संपते तिथेच झाडी सुरू व्हायची, आणि मुलांचे खेळणे नेमके त्या कडेला असायचे.

युरोपातील त्वचारोगतज्ज्ञांना या रोगाची एक खूण फार आधीपासून माहीत होती. स्वीडनच्या आर्विद अफझेलियस यांनी १९०९ मध्ये गोचीड चावल्यानंतर त्वचेवर हळूहळू पसरत जाणाऱ्या तांबड्या, वर्तुळाकार चट्ट्याचे वर्णन केले होते. १९२२ मध्ये फ्रान्समधून गोचिडीच्या दंशानंतर आलेल्या पक्षाघाताची नोंद झाली, आणि शतकाच्या मध्यापर्यंत चट्ट्यावर पेनिसिलिन लागू पडते, हेही दिसून आले होते. पण सुजलेल्या सांध्यांशी हा चट्टा कोणी जोडला नव्हता. त्वचेचे डॉक्टर चट्टा पाहत, सांध्यांचे डॉक्टर सांधे, आणि दोघांमध्ये एक अख्खा महासागर होता.

१९७५ मध्ये ही फारकत मिटायला सुरुवात झाली, ती दोन आयांमुळे. लाइममध्ये राहणाऱ्या चित्रकार पॉली मरे यांच्या घरात अनेक वर्षे ताप, पुरळ आणि सांधेदुखी यांचे सत्र चालू होते. त्यांना स्वतःला त्रास होता, पतीला होता, मुलांना होता. डॉक्टरांकडून समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्यांनी आजारपणांची टिपणे ठेवायला आणि शेजारीपाजारी चौकशी करायला सुरुवात केली. ओल्ड लाइमच्या ज्युडिथ मेन्श यांच्या मुलीला मुलांमध्ये क्वचितच आढळणारा ऱ्हुमॅटॉइड संधिवात असल्याचे निदान झाले होते. आपल्याच रस्त्यावरील आणखी काही मुलांवर हाच शिक्का बसला आहे, हे त्यांच्या लक्षात आले. एवढा दुर्मीळ रोग एका रस्त्यावर इतक्या मुलांना कसा होईल, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो साथरोगशास्त्रातला अगदी मुळाचा प्रश्न आहे. दोघींनी एकमेकींना न सांगता राज्याच्या आरोग्य खात्याशी संपर्क साधला. खात्यातील डेव्हिड स्नायडमन यांनी तक्रारी गांभीर्याने घेतल्या आणि येल विद्यापीठातील संधिवात विभागाचे तरुण डॉक्टर ॲलन स्टीअर यांना कळवले. स्टीअर यांनी आधी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात साथींच्या तपासाचे काम केले होते, हा योग मोठाच म्हणावा लागेल.

स्टीअर, त्यांचे वरिष्ठ स्टीफन मालाविस्टा आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या नोंदी, शाळांतील परिचारिका आणि आयांच्या याद्या यांवरून घरोघरी शोध घेतला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ५१ रुग्ण आहेत. त्यांतली ३९ मुले होती. सगळ्या वस्तीचे प्रमाण दर हजारी ४.३ होते, पण चार विशिष्ट रस्त्यांवरच्या मुलांमध्ये दर दहांत एक मूल आजारी होते. आकड्यांची ही मांडणी सगळ्यांत महत्त्वाची ठरली. राज्याची किंवा जिल्ह्याची सरासरी काढली असती, तर ती चार रस्त्यांवरची मुले तिच्यात बुडून गेली असती. बहुतेक घरे ओढ्या-तळ्यांजवळच्या झाडीत होती. आजार उन्हाळ्यात किंवा त्यानंतर लगेच सुरू होई. एकाच घरात दोघांना झाला, तरी तो बहुधा वेगवेगळ्या वर्षी होई. म्हणजे माणसाकडून माणसाला लागण होत नव्हती, पाण्याचा किंवा अन्नाचाही दोष दिसत नव्हता. संशय चावणाऱ्या जिवांवर आला.

त्या ५१ जणांपैकी १३ जणांना सांधे सुजण्याच्या सुमारे चार आठवडे आधी पसरत जाणारा तांबडा चट्टा आल्याचे आठवत होते. अफझेलियस यांनी वर्णिलेला चट्टा तो हाच. त्यानंतर संशोधक सुजलेल्या गुडघ्यापाशी न थांबता चट्ट्यापासूनच रुग्णांचा माग ठेवू लागले, आणि काही रुग्णांना गोचीड चावल्याचे आठवले. एकाने तर ती जपून ठेवली होती. ती इक्सोडिस वंशाची निघाली. नदीच्या दोन्ही काठांची तुलना केली, तेव्हा पूर्वेकडील गावांत रोगाचे प्रमाण दर हजारी २.८ आणि पश्चिमेकडे ०.१ आढळले. पूर्वेकडे गोचिड्याही कितीतरी पटींनी जास्त होत्या.

मुलेच अधिक का सापडत होती, याचे उत्तर गोचिडीच्या जीवनक्रमात आहे. अंडे, अळी, निंफ आणि प्रौढ या तिच्या अवस्थांना साधारण दोन वर्षे लागतात, आणि अंड्यातून बाहेर पडल्यावरच्या प्रत्येक अवस्थेत ती एकदाच रक्त पिते. अळीला जिवाणू मिळतो तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या रानउंदरापासून. हरणे प्रौढ गोचिडीला पोसतात, पण जिवाणू साठवत नाहीत. माणसाला धोका मुख्यतः निंफचा. ती खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि मे ते जुलै, म्हणजे मुले दिवसभर बाहेर असतात त्याच दिवसांत, भक्ष्य शोधते. ती चावल्याचे बहुधा कळत नाही. जिवाणू शरीरात शिरायला साधारणपणे दीड-दोन दिवस लागतात. रोज संध्याकाळी मुलांचे अंग तपासण्याचा सल्ला त्यामुळेच दिला जातो. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी भागात आढळणारा माकडताप हा विषाणूचा, अगदी वेगळा रोग आहे. पण तिथेही माणसाला चावते ती मुख्यतः गोचिडीची निंफच.

जिवाणू सापडला तो दुसऱ्याच रोगाचा शोध घेताना. माँटाना राज्यातील रॉकी माउंटन प्रयोगशाळेत विली बुर्गडॉर्फर १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिड्या तपासत होते. ठिपक्यांच्या तापाचा जंतू शोधताना त्यांना गोचिडीच्या आतड्यात मळसूत्री आकाराचे जिवाणू दिसले. १२६ पैकी ७७ गोचिड्यांत ते होते, आणि लाइमच्या रुग्णांच्या रक्तद्रवाशी त्यांची प्रतिक्रियाही होत होती. ॲलन बार्बर यांनी ते प्रयोगशाळेत वाढवले. १९८३ मध्ये रुग्णांच्या शरीरातूनही ते मिळाले, आणि १९८४ मध्ये बोरेलिया बुर्गडॉर्फेरी असे त्यांचे नामकरण झाले.

यानंतर मोजणीचे साधन बदलले. आता रक्तातील अँटिबॉडी पाहून कोणाला जिवाणूचा संपर्क झाला होता, हे कळू लागले. पण संपर्क आणि आजार यांत मोठे अंतर असते. स्वित्झर्लंडमध्ये रानातून नकाशाच्या आधारे धावण्याचा खेळ खेळणाऱ्या ९५० खेळाडूंची तपासणी झाली, तेव्हा एक चतुर्थांशाहून अधिक जणांच्या रक्तात अँटिबॉडी आढळल्या, तर लाइमची लक्षणे होऊन गेलेले फारच थोडे होते. पहिल्या काही आठवड्यांत, चट्टा अंगावर असतानाही, तपासणी निर्दोष येऊ शकते. उलट उपचारांनंतर अँटिबॉडी कित्येक वर्षे टिकतात. लाइमच्या निदानाविषयी १९९४ मध्ये डिअरबॉर्न येथे झालेल्या परिषदेनंतर आधी एलायझा आणि मग वेस्टर्न ब्लॉट या अँटिबॉडी-चाचण्या, अशी दोन टप्प्यांची पद्धत रूढ झाली. मुलांच्या बाबतीत हा भेद नीट सांभाळावा लागतो, कारण केवळ अँटिबॉडी आढळल्या म्हणून थकव्याचे किंवा डोकेदुखीचे खापर लाइमवर फोडले गेले, तर खरा आजार मागे राहतो.

मुलांवरील अभ्यासांतून दिलासाही मिळाला. आग्नेय कनेक्टिकटमधील २०१ मुलांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे मध्यक वय सात वर्षे होते. सुमारे ६६ टक्क्यांमध्ये एकच चट्टा आणि २३ टक्क्यांमध्ये अनेक चट्टे हेच पहिले लक्षण होते, आणि प्रतिजैविकांनी जवळजवळ सगळी बरी झाली. त्याआधी, कारण ठाऊक नसतानाच्या काळात म्हणजे १९७६ ते १९७९ मध्ये आजारी पडलेल्या आणि पहिली काही वर्षे प्रतिजैविके न मिळालेल्या ४६ मुलांचाही पाठपुरावा झाला होता. त्यांचे सांधे सुजण्याचे प्रसंग वर्षागणिक कमी होत गेले. तरीही या मुलांनी सोसलेली वर्षे विसरता येत नाहीत.

डिसेंबर १९९८ मध्ये लाइमरिक्स ही लस अमेरिकेत मंजूर झाली, पण फक्त १५ ते ७० वर्षे वयासाठी. सर्वाधिक धोक्याचा एक वयोगट, म्हणजे प्राथमिक शाळेतली मुले, तिच्या कक्षेबाहेर राहिला. लहान मुलांवर चाचणी झाली होती. मात्र वाद आणि घटती मागणी यांमुळे उत्पादकाने २००२ मध्ये लसच बाजारातून काढून घेतली.

अमेरिकेत लाइमच्या नोंदी ठेवणे १९८२ मध्ये सुरू झाले, आणि १९९१ मध्ये तो देशपातळीवर कळवण्याचा रोग ठरला. तेव्हापासूनच्या नोंदींत वयाची दोन शिखरे दिसत आली आहेत: एक पाच ते चौदा वर्षांच्या मुलांचे, दुसरे मध्यमवयीन आणि वृद्धांचे. २०२२ पासून जास्त प्रादुर्भावाच्या राज्यांत केवळ प्रयोगशाळेच्या अहवालावरून रुग्ण मोजले जातात. त्या वर्षी ६२,५५१ रुग्णांची नोंद झाली, आधीच्या २०१७ ते २०१९ च्या सरासरीच्या सुमारे १.७ पट, आणि वाढ सर्वाधिक दिसली ती वृद्धांमध्ये. चट्टा पाहून निदान होते आणि रक्त तपासण्याची गरज पडत नाही, असे रुग्ण या पद्धतीत गणले जात नाहीत. मुलांमध्ये तर बहुतेकांचे निदान चट्ट्यावरूनच होते.