‘रोहना’ आणि ‘राजुला’: डेक-प्रवाशांच्या दोन बोटी

ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘रोहना’ व ‘राजुला’ या भगिनी-नौका १९२६ साली बांधून तयार झाल्या. प्रत्येकी सुमारे साडेआठ हजार टनांच्या या बोटी मद्रास, नागपट्टण, पिनांग व सिंगापूर या मार्गासाठी होत्या. त्यांचे खरे उत्पन्न वरच्या वर्गाच्या केबिनींत नव्हते. ‘राजुला’ला पाच हजारांवर डेक-प्रवासी नेण्याचा परवाना होता. डेक-प्रवासी म्हणजे तिकिटाच्या मोबदल्यात केवळ पथारीपुरती जागा मिळणारा माणूस. मलायातील रबराच्या मळ्यांवर कंगाणींनी भरती करून नेलेले तमिळ मजूर हे त्यांतले बहुसंख्य. १९३८ साली हिंदुस्थान सरकारने अशा साहाय्यित स्थलांतरावर बंदी घातली आणि पाठोपाठ युद्ध आले.

युद्धाने या बोटींना नवे काम दिले असे म्हणणे वरवरचे होय. थोड्या जागेत पुष्कळ माणसे नेणे हाच त्यांचा व्यापारी गुण होता. सैन्यालाही तोच हवा होता. २५ नोव्हेंबर १९४३ रोजी ‘रोहना’ ओरानहून सुएझकडे जाणाऱ्या ताफ्यात सामील झाली. तीवर सुमारे दोन हजार अमेरिकन सैनिक होते. दुसऱ्या दिवशी बूजीजवळच्या समुद्रात जर्मन विमानाने सोडलेला रेडिओ-नियंत्रित बॉम्ब तिला लागला. समुद्र खवळलेला होता. जीवरक्षक होड्यांपैकी बऱ्याच सोडताच आल्या नाहीत. हजाराहून अधिक सैनिक मृत्यू पावले. या अस्त्राविषयी गुप्तता पाळण्यात आल्याने कुटुंबियांना सविस्तर हकीकत कित्येक दशके कळली नाही.

शंभरावर खलाशीही बुडाले, आणि ते बहुतेक हिंदी होते. युद्धेतिहासांतून त्यांचा उल्लेख बेरजेच्या शेवटी येतो. ‘लष्कर’ या फारसी शब्दाचा मराठीत अर्थ सेना असा राहिला. इंग्रजीत मात्र ‘लास्कर’ म्हणजे हिंदी खलाशी. ‘रोहना’वर हे दोन्ही अर्थ एकत्र बुडाले, परंतु चौकशी झाली ती पहिल्याची. त्या सायंकाळपूर्वीची बोटीची सतरा वर्षेही या ग्रंथांच्या लेखी जवळजवळ नाहीत.

‘राजुला’नेही युद्धात सैनिक वाहिले, पण ती वाचली आणि जुन्या मार्गावर परतली. मलायाने १९५३ पासून प्रवेशाचे निर्बंध कडक केले. तेव्हापासून डेकवर मजुरांच्या टोळ्यांऐवजी नातलगांना भेटण्यास निघालेली कुटुंबे अधिक दिसू लागली. १९७३ साली शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ती विकत घेऊन अंदमानातील गावावरून तिचे ‘रंगत’ असे नाव ठेवले. पुढल्याच वर्षी ती मोडीत निघाली.