जाहिरातीतील लेखणी आणि छात्रालयातील दैनिक

विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेल्या फाउंटनपेनच्या जुन्या जाहिराती हे सामाजिक इतिहासाचे एक मनोरंजक साधन आहे. लेखणीचा आकार, तिची किंमत, तिच्याविषयी दिलेली हमी आणि तिच्या भोवती रचलेली मोहक भाषा यांवरून त्या त्या काळच्या विद्यार्थ्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु साधन जितके बोलके, तितकी त्याची छाननी अधिक अगत्याची. जाहिरात आहे म्हणून वस्तू वापरात होती, आणि जाहिरात नाही म्हणून लेखन-वाचनाचा व्यवहारच नव्हता, अशी दोन अनुमाने नकळत काढली जातात. ही दोन्ही अनुमाने पूर्वीच्या पश्चिम खानदेशच्या कसोटीवर घासून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी नंदुरबार तालुक्यातील रनाळे या गावाकडे आपले निरीक्षणस्थान म्हणून पाहावयाचे आहे. पुणे-मुंबईच्या महाविद्यालयांतून हा विषय एक दिसतो. रनाळ्यासारख्या गावातून शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिले असता तो निराळाच दिसू लागतो.

प्रथम ज्या भूमीत या जाहिराती बहरल्या तिचा विचार करू. अमेरिकेत हार्वर्डचे ‘क्रिमझन’ १८७३ मध्ये, येलचे ‘डेली न्यूज’ १८७८ मध्ये आणि कॉर्नेलचे ‘डेली सन’ १८८० मध्ये सुरू झाले. विद्यार्थ्यांनी चालविलेली ही वृत्तपत्रे जाहिरातींच्या उत्पन्नावर मोठ्या प्रमाणात अवलंबून होती. त्याच सुमारास, म्हणजे १८८४ मध्ये, ल्यूइस वॉटरमन याने आपल्या फाउंटनपेनचा एकस्वाधिकार मिळविला. पार्कर कंपनीचा उगम तर प्रत्यक्ष शाळेच्या खोलीतच झाला. विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिल येथे जॉर्ज पार्कर हा तारायंत्रविद्येचा शिक्षक होता. तो आपल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या कारखानदाराच्या लेखण्या विकी आणि त्या बिघडल्या म्हणजे दुरुस्तही करून देई. या दुरुस्तीच्या उद्योगातून १८८८ मध्ये त्याची स्वतःची कंपनी निघाली. फाउंटनपेन आणि विद्यार्थी यांचा संबंध याप्रमाणे जाहिरातदाराने मागाहून जोडलेला नसून तो आरंभापासूनचा आहे.

१९२० नंतर या जाहिरातींचा सूर बदलला. शेफर कंपनीने १९२० मध्ये आजन्म हमीची लेखणी बाजारात आणली. पुढच्याच वर्षी पार्करने ‘ड्युओफोल्ड’ ही तांबड्या रंगाची ठसठशीत लेखणी सात डॉलरना विकावयास काढली. तोपर्यंत लेखण्या बहुधा काळ्या, कठीण केलेल्या रबराच्या असत. तांबडी लेखणी टेबलावर चटकन नजरेस पडते, म्हणून ती हरवत नाही, असा युक्तिवाद जाहिरातींतून केला जाई. विद्यार्थी वस्तू हरवतो, व्याख्यानांची टिपणे भराभर उतरून घेतो, आणि आज जी लेखणी घेईल तिच्याशी पुढे आयुष्यभर एकनिष्ठ राहण्याचा संभव असतो, या तीन गोष्टी विक्रेत्याने नेमक्या हेरल्या होत्या. म्हणजे या जाहिरातींतून विद्यार्थी काय वापरीत होता यापेक्षा विक्रेत्याला तो कसा हवा होता हे अधिक खात्रीने कळते.

आता सात डॉलर या किमतीचे आपल्याकडील मोल पाहावे. १९२७ मध्ये रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा ठरविण्यात आला. त्या दराने सात डॉलर म्हणजे सुमारे एकोणीस रुपये होतात. जकात, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा यांत धरलेला नाही. एकोणीस रुपयांचे आणे होतात तीनशे चार. जेथे शेतमजुराची दिवसाची कमाई आण्यांत मोजली जाई, तेथे या आकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. स्वस्त लेखण्याही अर्थात मिळत असत. परंतु किंमत हा अडचणीचा एक भाग झाला. दुसरा भाग लेखणीच्या रचनेतच दडलेला होता.

फाउंटनपेनमध्ये निबेच्या खाली जी ‘जीभ’ असते तिच्यावर बारीक चरे असतात. केशाकर्षणाने शाई या चऱ्यांतून निबेकडे उतरते आणि तितकीच हवा उलट मार्गाने आत शिरते. ही देवघेव सुरळीत चालली तरच लेखणी लिहिते. शाईत गाळ असला की चरे बुजतात आणि लेखणी अडते. याउलट टाक किंवा बोरू दौतीत बुडवून लिहावयाचा असल्याने त्याला गाळाचे भय नसते. त्यामुळे शाळेत पुडीतील पूड किंवा वडी पाण्यात विरघळवून केलेली शाई सहज चालत असे. फाउंटनपेनला बाटलीतील गाळलेली शाई हवी, निब बदलून देणारा कारागीर हवा, आत रबराची पिशवी असेल तर ती उष्ण हवेत कुजल्यावर नवी बसविणारा माणूस हवा. याचा अर्थ असा की, लेखणीची जाहिरात ही एका वस्तूची जाहिरात नसून दुकान, शाई आणि दुरुस्ती या संपूर्ण साखळीची जाहिरात असते. मोठ्या शहरात ही साखळी होती. खेड्यात टाक, दौत आणि टीपकागद यांचेच राज्य होते. फाउंटनपेनला ‘झरणी’ असा सुरेख मराठी प्रतिशब्द मिळाला, तरी खेड्यापाड्यांत शब्दाच्या मागोमाग वस्तू आली नाही.

ही साखळी देशी हातांनी उभारण्याचा प्रयत्न १९३० च्या सविनय कायदेभंगानंतरच्या चार वर्षांत ठिकठिकाणी झालेला दिसतो. १९३१ मध्ये मुंबईस गिरगावात दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स’ छापाची शाईची पूड व वड्या करण्यास सुरुवात केली. पुढे ‘कॅमल’ शाई आणि ‘कॅमलिन’ हे नाव घरोघर झाले ते याच उद्योगातून. १९३२ मध्ये राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी फाउंटनपेन बनविण्यास आरंभ केला. १९३४ मध्ये बंगाल्यात ‘सुलेखा’ शाई निघाली. रत्नम यांची लेखणी महात्मा गांधींना मिळाल्यावर त्यांनी १९३५ मध्ये पत्र लिहून त्यांचे अभिनंदन केले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईच्या उद्योगाचा प्रारंभ लेखणीपासून न होता शाईच्या पुडीपासून झाला. ज्याला मराठी शाळेतील गिऱ्हाईक ठाऊक होते, त्याने टाकाची बाजारपेठ प्रथम धरली, यात नवल नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रनाळ्याच्या परिसरातील मुलाच्या हाती विद्यार्थ्यांचे म्हणता येईल असे कोणते वृत्तपत्र येऊ शकत होते? खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले आणि नंदुरबार पश्चिम खानदेशात गेले. नंदुरबार, दोंडाईचे व अमळनेर ही तिन्ही गावे तापी खोऱ्यातील एकाच रेल्वेमार्गावर आहेत. अमळनेर पूर्व खानदेशात असले तरी विद्येच्या दृष्टीने ते दोन्ही खानदेशांचे होते. तेथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले आणि १९४५ मध्ये प्रताप महाविद्यालय निघाले. तत्पूर्वी खानदेशातील बहुतेक मुलांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी पुणे, मुंबई किंवा बडोदे गाठावे लागे.

या अमळनेरात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ या नावाचे हस्तलिखित दैनिक चालवीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले. ‘छात्रालय दैनिका’कडे वृत्तपत्राच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता त्याचे वैशिष्ट्य लक्षात येते. त्याला छापखाना नव्हता आणि जाहिरातदाराची गरजही नव्हती. विद्यार्थ्यांचे दैनिक म्हणून ते येल किंवा कॉर्नेलच्या दैनिकांच्या पंक्तीत बसते; परंतु तेथे लेखणी हा पानावर विकावयाचा माल होता, तर येथे लेखणी हेच पान निर्माण करणारे यंत्र होते. फाउंटनपेनच्या जाहिराती शोधीत निघालेल्या अभ्यासकाला अमळनेरात काही सापडणार नाही. आणि तेवढ्यावरून तेथे विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र नव्हते असे त्याने म्हटले, तर खानदेशातील एक अत्यंत जिवंत वाचकवर्ग इतिहासातून पुसला जाईल.

या हाताने लिहिण्याच्या परंपरेचे फळ किती मोठे होते हे पुढील घटनेवरून दिसते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या अवधीत गीतेवर जी प्रवचने दिली, ती साने गुरुजींनीच उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्याला लाभला तो असा. शीघ्रलेखनाचे कोणतेही शास्त्र मदतीला नसताना हे काम पार पडले. छात्रालयासाठी रोज पाने लिहिणाऱ्या हाताला ते अवघड गेले नसावे, असे म्हणावयास जागा आहे.

विद्यार्थ्यांच्या पत्रकारितेत जाहिरात नसण्याचा दुसरा प्रसंग १९४२ चा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती हुतात्मे झाले. शिरीषकुमार त्या वेळी शाळकरी मुलगा होता. त्या वर्षी मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी विद्यार्थी जी भूमिगत पत्रके काढीत ती हाताने लिहिलेली किंवा चक्रमुद्रित असत. त्यांत व्यापारी जाहिरातीला स्थान असणे शक्यच नव्हते. केवळ जाहिरातींच्या आधारे विद्यार्थ्यांच्या लेखनाचा इतिहास लिहावयाचे ठरविले, तर त्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष कोरे राहील.

मग आपल्याकडील विद्यार्थी-नियतकालिकांत जाहिराती कधीच नव्हत्या काय? होत्या, पण त्यांचे स्वरूप निराळे. आपल्याकडे विद्यार्थ्यांचे छापील प्रकाशन म्हणजे प्रामुख्याने महाविद्यालयाचे वार्षिक किंवा संमेलनाची स्मरणिका. त्यांत तालुक्याच्या गावचा कापडदुकानदार, अडत्या, पुस्तकविक्रेता आपले नाव छापून शुभेच्छा देतो; कधी नावही न देता केवळ ‘एक हितचिंतक’ एवढेच छापतो. नाव लपविणारी जाहिरात व्यापाराच्या दृष्टीने निरर्थक आहे. ती निरर्थक नाही, कारण ती जाहिरातच नाही. ती देणगी आहे. अशा पानांवर पेनच्या दुकानाचे नाव आढळले तरी त्यावरून विद्यार्थी ते पेन घेत असत असे ठरत नाही. त्या दुकानदाराचे आणि संस्थेचे संबंध जिव्हाळ्याचे होते एवढे मात्र निश्चित ठरते. अमेरिकेतील जाहिरात विक्रीची साक्ष देते, तर आपल्या स्मरणिकेतील जाहिरात ऋणानुबंधाची. दोन्हींना एकच मापदंड लावणे हा पद्धतीचा दोष होय.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई जाणवू लागल्यावर, परदेशी लेखण्यांची आयात आवळली गेली आणि देशी लेखण्यांना मोकळे रान मिळाले. यांपैकी पुष्कळशा लेखण्यांत ड्रॉपरने थेट नळीत शाई भरावयाची सोय असे. कुजणारी पिशवीच नसल्याने दुरुस्तीची एक कडी गळाली. पण साखळी पुरती तुटली ती बॉलपेनमुळे. लास्लो बिरो याने १९३८ मध्ये एकस्वाधिकार मिळविलेली आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात आलेली ही लेखणी आपल्याकडील खेड्यांत पुष्कळ उशिरा पोहोचली. अक्षर बिघडते म्हणून अनेक शाळांनी तिला प्रारंभी मज्जावही केला. तथापि शाई, दौत, टीपकागद आणि कारागीर या चौघांनाही तिने एकदमच निरोप दिला. म्हणून खेड्यातील विद्यार्थ्याच्या लेखनसाधनांत खरी क्रांती फाउंटनपेनने नव्हे, तर रिफिलने घडविली असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. आणि महाविद्यालयीन जाहिरातींच्या कात्रणसंग्रहातून हा निष्कर्ष कधीच निघाला नसता.

या विवेचनावरून संशोधनाची एक दिशा सुचते. नंदुरबार हा १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा आहे आणि त्याचा शैक्षणिक इतिहास अद्याप विस्ताराने लिहावयाचा आहे. त्यासाठी वृत्तपत्रांच्या छापील फाइलींबरोबरच शाळाशाळांतून निघणारी वार्षिक ‘हस्तलिखिते’, छात्रालयांच्या वह्या, जमाखर्चाच्या कीर्दीतील शाई व टाक यांच्या नोंदी, पुस्त्या आणि जुन्या स्मरणिका यांचा संग्रह झाला पाहिजे. शाळेचे हस्तलिखित सहसा एकाच प्रतीचे असते. ती प्रत वाळवीच्या तोंडी गेली की त्या वर्षाच्या मुलांचे लेखन कायमचे नाहीसे होते. जाहिरातींचे तसे नाही. हजारो प्रतींतून छापली गेल्याने ती कोठे ना कोठे शिल्लक राहते. जे शिल्लक राहिले त्यालाच इतिहास समजण्याचा मोह येथेच उद्भवतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सुटीत आपापल्या गावच्या शाळेचे एक कपाट जरी उघडून त्यातील हस्तलिखितांची यादी केली, तरी रनाळ्यासारख्या गावातील मुलगा कशाने लिहीत होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय लिहीत होता, याचे उत्तर जाहिरातदाराला न विचारता त्या मुलाच्याच अक्षरांत वाचता येईल.