नकळत घेतलेली छबी

1854 सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. नारायण दाजींच्या त्या काळांत छबी काढविणारास क्षणभर काष्ठवत् बसावें लागे. नकळत चित्र निघणें दुरापास्तच. 1886 त बर्लिनच्या स्टिर्ननें जाकिटाआड दडणारा कॅमेरा काढला, 1925 त लायका विक्रीस आला, आणि मनुष्याची स्वतःच्या चेहऱ्यावरील मालकी शिथिल झाली. मींही हा अपराध केला आहे. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापुराकडे जातांना बेलवाडीस रिंगण होतें. तेथें अश्वामागें दृष्टि लावून भान हरपलेली एक वृद्धा मीं टिपली. चित्र दाखवितांच ती म्हणाली, “इचारलं असतंस तर पदर सारका केला असता, लेकरा.” चित्र उत्तम उतरलें आहे, भिंतीवर मात्र अद्याप लावलेलें नाहीं.