मेलिसा ऑफिसिनॅलिस : एका वनस्पतिनामाचा इतिहास

वनस्पतीच्या नावात अनेक पिढ्यांचे निरीक्षण साठविलेले असते, असे म्हटले जाते. 'लेमन बाम' या सुगंधी वनस्पतीच्या संदर्भात या विधानाचे तथ्य आणि त्याची मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तुळस व पुदिना यांच्याच लॅमिएसी कुळातील ही बहुवर्षायू वनस्पती मूळची भूमध्य सागरी प्रदेश ते मध्य आशिया या पट्ट्यातील होय. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी दंतुर पाने आणि पानांच्या बेचक्यांतील लहान, पांढरट, द्विओष्ठी फुले ही तिची लक्षणे. पान चुरगळताच लिंबासारखा गंध येतो. लिनियसने १७५३ मध्ये 'स्पिशीज प्लँटॅरम' या ग्रंथात तिला मेलिसा ऑफिसिनॅलिस हे द्विपद नाव दिले. ग्रीक भाषेत 'मेलिसा' म्हणजे मधमाशी. 'ऑफिसिनॅलिस' हे विशेषण औषधी भांडारातील वनस्पतींना लावले जाई.

मधमाशीशी असलेला हा संबंध लिनियसच्या फार पूर्वीचा आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन कवी व्हर्जिल याने 'जॉर्जिक्स' काव्याच्या चौथ्या भागात, मधमाश्यांचा थवा स्थिरावा म्हणून ही वनस्पती ठेचून पसरण्याचा उपाय सांगितला आहे. त्याचे रासायनिक कारण १९६० च्या दशकात स्पष्ट होऊ लागले. कामकरी माश्या सोबतिणींना बोलावण्यासाठी नॅसोनॉव्ह ग्रंथीतून जो गंध सोडतात, त्यात सिट्रल हा घटक आढळला. लेमन बामच्या, तसेच आपल्या गवती चहाच्या तेलातही तोच असतो. मधपाळांचे निरीक्षण अशा रीतीने सार्थ ठरले.

मात्र याच वनस्पतीचे दुसरे नाव सावधगिरीचा इशारा देते. फारसी 'बादरंजबोया' म्हणजे महाळुंगाच्या गंधाची. इब्न सीना (मृत्यू १०३७) याने हृदयास बळ देणाऱ्या औषधांत तिची गणना केली. युनानी वैद्यकाबरोबर हे नाव भारतात रूढ झाले; परंतु येथे नेपेटा हिंदोस्ताना ही त्याच कुळातील वेगळी वनस्पतीही बादरंजबोया म्हणून ओळखली जाते. अशा वेळी ग्रंथातील गुणधर्म हाती असलेल्या वनस्पतीस लागू पडतीलच, असे गृहीत धरता येत नाही.

तात्पर्य, नाव निरीक्षण जपते. ओळखीची हमी देत नाही. प्राचीन वैद्यकग्रंथांच्या अभ्यासकाने भाषातज्ज्ञाइतकेच वनस्पतिशास्त्रज्ञाचेही साहाय्य घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.